भीमा-घोडतीरच्या प्राचीन वस्तूंचें लहान संग्रहालय : स्थान, रचना व रक्षण

शिरूर व दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके. घोड व भीमा या नद्यांच्या मध्यें शिरूर, आणि भीमेच्या दक्षिणेस दौंड. पर्जन्य थोडा, जमीन बहुतेक काळी, आणि वस्ती फार जुनी. या भागांत असा गांव विरळा कीं ज्याच्या पांढरींत खापरें सांपडत नाहींत, ज्याच्या वेशीजवळ एखादा वीरगळ उभा नाहीं, आणि ज्यांतील एखाद्या वाड्याच्या माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल पडलेला नाहीं. वस्तू आहेत, त्यांविषयीं अभिमानहि आहे. परंतु त्या सुरक्षित ठेवावयाच्या कोठें, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरीं अडून राहिला आहे. संग्राहक हयात असेतों संग्रह नांदतो; त्याच्या मागें तो भंगारवाल्याकडे जातो किंवा वांटणींत फुटतो. सबब या दोन तालुक्यांपुरतें एक लहान संग्रहालय उभारावयाचें झाल्यास तें कोठें असावें, कसें बांधावें, त्यांत काय ठेवावें, आणि काय ठेवूं नये, याचें विवेचन येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम या भूमीनें काय दिलें आहे तें पाहूं. शिरूर तालुक्यांतील इनामगांव हें घोडेच्या कांठचें खेडें. तेथील टेकाडांचें उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत, बारा हंगाम, केलें. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. झै. दा. अन्सारी व डॉ. म. के. ढवळीकर हे त्या कामाचे धुरीण. महाराष्ट्रांतील आद्य शेतकऱ्यांचा इतक्या विस्तारानें शोध घेतलेलें दुसरें स्थळ आपल्याकडे नाहीं. इ. स. पूर्वी सुमारें १६०० पासून ७०० पर्यंतच्या वस्तीचे तीन थर येथें लागले : माळवा काल, आद्य जोर्वे काल व उत्तर जोर्वे काल. जोर्वे हें नांव संगमनेरजवळच्या ज्या गांवावरून पडलें, तेथें १९५०-५१ सालीं उत्खनन झालें होतें. आद्य काळांतील घरें चौकोनी व ऐसपैस. उत्तर काळांत पर्जन्य घटला, शेती खालावली, आणि त्याच लोकांचे वंशज लहान वर्तुळाकार झोपड्यांत राहूं लागले, असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, कुंभाराची भट्टी, धान्याची साठवण, पाटाचें पाणी, नदीच्या बाजूस घातलेला बांध, पांच खोल्यांचें एक घर (तें गांवच्या प्रमुखाचें असावें असें मानितात), जव, गहूं, मसूर यांचे जळके दाणे : एवढें सर्व एका पांढरींतून बाहेर पडलें.

त्यांतील दोन वस्तूंचा उल्लेख विशेषेंकरून केला पाहिजे, कारण संग्रहालयाच्या रचनेचा सर्व प्रश्न त्यांच्यांत सांठवला आहे. एक, चार पायांचा, पोट सुटलेल्या मनुष्याच्या आकाराचा, कच्च्या मातीचा मोठा रांजण. त्यांत एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितींत होता. इनामगांवच्या प्रौढ प्रेतांचे पाय घोट्यापाशीं तोडून मग त्यांना पुरण्याची चाल होती. या पुरुषाचे पाय मात्र शाबूत आढळले. दुसरी वस्तु एका घराच्या जमिनीखालीं पुरलेली : झांकणाची मातीची डबी, स्त्रीमूर्ति, आणि तिच्यासमवेत शिररहित स्त्रीमूर्ति व एक बैल. शिररहित मूर्तीच्या पोटास छिद्र व बैलाच्या पाठीवर छिद्रें आहेत. काडी घातली असतां देवी बैलावर आरूढ होते. हेंहि सर्व कच्च्या मातीचें. तीन हजार वर्षें कोरड्या पांढरींत टिकलेली ही माती एका ओल्या पावसाळ्यांत विरघळूं शकते, हें ज्यास उमगलें त्यास संग्रहालय म्हणजे कांचेचीं कपाटें नव्हेत हेंहि उमगलें.

इनामगांवाखेरीजहि सामग्री पुष्कळ आहे. मुळा-मुठा व भीमा यांच्या संगमाजवळ वाळकी येथें इनामगांवच्याच काळची एक लहान शेतवस्ती उजेडांत आली. केंदूर येथें बदामीच्या चालुक्य कीर्तिवर्मा दुसरा याचा शके ६७२ चा ताम्रपट मिळाला. तळेगांव ढमढेरे येथील राष्ट्रकूट कृष्ण पहिला याचा शके ६९० चा ताम्रपट पुणेकरांस तर विशेष प्रिय, कारण त्यांत आजच्या पुण्याचें पूर्वरूप असलेला ‘पूनक’ हा विषय, म्हणजे जिल्हा, उल्लेखिला आहे. पाबळास मस्तानीची कबर आहे. वढू बुद्रुक येथें छत्रपति संभाजी महाराजांची समाधि आहे. शिरुरास, म्हणजे घोडनदीच्या जुन्या छावणींत, १८०९ सालीं वारलेल्या कर्नल विल्यम वॉलेसचें थडगें आहे. या परकी अधिकाऱ्यास आसपासचे लोक ‘सत्पुरुष’ म्हणून नवस करीत, सुगीला धान्य वाहत, असें जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. दौंडाकडे पाटस, यवत, कुरकुंभ हीं जुनीं गांवें. हा सर्व मुलूख पूर्वींच्या भीमथडी तालुक्याचा; येथल्या तट्टांचा लौकिक मराठी फौजांत होता. केडगांवीं पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत त्यांनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर १९२४ सालीं छापून झालें. मुद्रणाच्या इतिहासांतील तेंहि एक स्थळ आहे.

कागदांविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. पाटील-कुळकर्ण्यांच्या घरचीं दप्तरें इतकीं वर्षें कां टिकलीं, याचें कारण भक्ति नव्हे, हक्क हें होय. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशन बसलें तेव्हां कागद दाखविणाराची जमीन राहिली, न दाखविणाराची गेली. तो धडा घरोघर तीन पिढ्या लक्षांत होता. पुढें १९५० सालीं परगणा व कुळकर्णी वतनें, १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांववतनें आणि १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटिलकी नाहींशी झाली. तीं वतनें जाणें न्याय्यच होतें. परंतु त्या दिवसापासून तो कागद घरधन्याच्या दृष्टीनें रद्दी झाला. आम्हीं एका गांवीं (त्याचें नांव येथें देत नाहीं) एक दप्तर पाहिलें. रुमाल वरून धड, गांठहि मूळची; सोडून पाहतों तों आंत वाळवीनें केलेली मातीची वीट. वरचे चार व खालचे तीन कागद तेवढे वाचतां आले. त्यांत एक निवाडपत्राचें शेवटचें पान होतें. वाद कशाचा हें मधल्या मातींत गेलें.

आतां, या वस्तू जेथच्या तेथें राहाव्या कीं पुण्यास जाव्या, हा जुना वाद आहे. पुण्यास गेलेल्या वस्तू जगल्या हें नाकारतां येत नाहीं. रावबहादुर द. ब. पारसनीस यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ सालीं डेक्कन कॉलेजांत आणला गेला, म्हणून तो अभ्यासकांस एकत्र मिळाला. पण सातारकरांस त्याची खंत दीर्घकाळ राहिली. परदेशांतहि असेंच. जमैका बेटावर कार्पेंटर पर्वताच्या एका गुहेंत १७९२ सालीं तेथल्या ताइनो नांवाच्या मूळ रहिवाशांच्या लांकडी देवमूर्ति सांपडल्या. त्या लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें उत्तम स्थितींत आहेत, आणि जमैकावासी त्या परत मागत आहेत. लांकूड वांचलें, पण ज्यांचा देव त्यांना तो पाहण्यास समुद्र ओलांडावा लागतो. याच्या उलट उदाहरणें आपल्याकडे आहेत व तीं उमेद देणारीं आहेत. सारनाथ येथें उत्खननाच्या जागींच संग्रहालय असावें असें धोरण सर जॉन मार्शल यांनीं धरिलें व तें १९१० सालीं पुरें झालें. औंधाच्या पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं आपल्या लहानशा संस्थानांत, यमाईच्या डोंगराच्या उतारावर, श्रीभवानी संग्रहालय उघडलें. तेर येथें रामलिंगप्पा लामतुरे या गांवच्याच गृहस्थांनीं पावसानंतर उघडीं पडणारीं मणी, नाणीं, मृण्मूर्ति गोळा केल्या. पुढें तो संग्रह शासनाकडे गेला, परंतु गांव सोडून गेला नाहीं. आमच्या विचारास तेरचें उदाहरण सर्वांत जवळचें आहे.

आमचें मत येणेंप्रमाणें. उत्खननांत निघालेल्या मूळ वस्तू जेथें त्यांच्या नोंदी, आराखडे व अस्थींचे अभ्यास आहेत तेथेंच, म्हणजे डेक्कन कॉलेजांत, असाव्या. त्या मागण्याचा हट्ट धरूं नये. त्यांच्या उत्तम प्रतिकृति व मधूनमधून मुदतीनें उसन्या आणलेल्या वस्तू तालुक्यास पुरे आहेत. परंतु जें उत्खननाचें नाहीं, म्हणजे शेतांत नांगराला लागलेलें, वाड्यांतून निघालेलें, घरोघर असलेलें, तें तालुक्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. कारण त्याचा अर्थ त्याच्या गांवाशीं, शिवाराशीं व घराण्याशीं बांधलेला आहे.

स्थानाविषयीं पहिला नियम असा कीं इमारत पांढरीवर बांधूं नये. हें सांगण्याची गरज पडूं नये, पण पडते; ‘जेथें वस्तु सांपडली तेथेंच वास्तु’ या भावनेच्या भरांत पायाचे चर खणून जें राखावयाचें तेंच उकरलें जातें. दुसरा नियम पुराचा. घोडेस व भीमेस पूर येतो, आणि वर धरणें झालीं म्हणून तो टळला असें मानूं नये. १९६१ चें पानशेत पुणेकर विसरले नसतील. सबब जागा नदीकांठापासून दूर, चढावर, मुरमाच्या थरावर पाहावी. तिसरें, काळ्या जमिनीचा स्वभाव. ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत हातहात रुंद भेगा पाडते. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंत तिरपी तडकते व त्या तडींतून प्रथम वाळवी व मग पाणी आंत येतें. पाया काळी ओलांडून मुरमापर्यंत नेलाच पाहिजे. न्हावरे, मांडवगण फराटा या बाजूस इनामगांव जवळ पडतें. उलट दौंड हें लोहमार्गाचें जंक्शन, शाळांच्या सहलींस सोयीचें. दोन तालुक्यांत यावरून तंटा होणार हें आम्हांस दिसतें. मुख्य इमारत एक असावी व दुसऱ्या तालुक्याच्या गांवीं फिरतीं प्रदर्शनें न्यावीं, यापलीकडे त्या तंट्यांत आम्ही पडत नाहीं.

इमारतीसाठीं नमुना शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. या भागांतील जुना वाडा हाच उत्तम नमुना आहे : जाड भिंती, मध्यें चौक, चौफेर ओसरी, बाहेरच्या अंगास लहान व उंच खिडक्या. वैशाखांत बाहेर चाळीस अंशांवर उष्णता असतां अशा वाड्याच्या आंतल्या खोलींत ती सावकाश चढते व सावकाश उतरते. वस्तूस खरा अपाय उष्णतेपेक्षां तिच्या व दमटपणाच्या वारंवार होणाऱ्या चढउतारापासून होतो. म्हणूनच दिवसां वातानुकूलन यंत्र लावून रात्रीं बंद करणें हें मुळींच न लावण्यापेक्षां वाईट. आणि खेड्यांतील विजेचा भरंवसा वाचकांस ठाऊकच आहे. भिंती चुन्यांत बांधलेल्या, निदान दीड फूट जाडीच्या असाव्या. जोतें तीन फूट उंच, दगडी, व त्याच्या भोंवतीं दोन हात रुंद फरसबंदी, म्हणजे वाळवीची माती चढूं लागल्यास डोळ्यांस दिसते. छपरास कौलें व त्याखालीं दुसरें तक्तपोशीचें आच्छादन; नुसता सिमेंटचा सपाट माथा उन्हांत तापतो व कांहीं वर्षांनीं गळतो.

दालनें चार पुरेत. दर्शनाचें एक, सुमारें चोवीस फूट लांब व सोळा फूट रुंद; त्यापेक्षां मोठें नको. वस्तूंचें कोठार तेवढेंच किंवा मोठें, कारण दहा वस्तू मांडल्या तर नव्वद ठेवावयाच्या असतात, आणि बहुतेक लहान संग्रहालयें याच ठिकाणीं चुकतात : सर्व जागा दर्शनास देऊन उरलेलें जिन्याखालीं कोंबतात. तिसरी खोली वाचनाची व नोंदवहीची, उत्तरेच्या उजेडाची. चौथी लहान, इतरांपासून अलग, बाहेरून दार असलेली. नवी आलेली कोणतीहि वस्तु, विशेषतः कागद व लांकूड, प्रथम येथें महिनाभर राहावी व कसर, वाळवी, बुरशी नाहीं अशी खात्री झाल्यावरच आंत जावी. ही चौथी खोली खर्चाच्या भीतीनें प्रथम छाटली जाते. एका कसरलेल्या पोथीनें सगळें कपाट पोखरल्यावर तिची आठवण होते.

कपाटें भिंतीपासून वीतभर पुढें व जमिनीपासून वीतभर उंच असावीं. भट्टींत रंग पक्का केलेलीं लोखंडी कपाटें उत्तम. स्वस्त प्लायवुडांतून आम्ल वाफा निघतात व शिशाच्या व तांब्याच्या वस्तूंस बाधतात. वस्तु गुंडाळण्यास मांजरपाट, तोहि खळ जाईपर्यंत धुतलेला. कडब्यांत किंवा पेंढ्यांत भांडीं ठेवण्याची आपल्याकडील रीत गाडीनें नेण्यापुरती ठीक. कायमची नव्हे, कारण त्यांत कीड व ओल दोन्ही राहतात.

आतां एकेक द्रव्याविषयीं. कच्च्या मातीच्या वस्तूस पाणी लावूं नये, ओल्या बोटानेंहि पुसूं नये. मऊ कुंचल्यानें धूळ काढावी व तळाखालीं आकारास बरोबर बसेल असा आधार द्यावा. जोर्वे पद्धतीचीं भाजलेलीं भांडीं, तांबडीं, काळ्या रंगानें रेखलेलीं, टिचकी मारतां धातूसारखीं वाजणारीं, तीं टणक असतात. परंतु नदीकांठच्या मातीचें मीठ त्यांच्या अंगांत मुरलेलें असतें. वाळल्यावर पृष्ठावर पांढरी लव येऊन रंगाचे पापुद्रे सुटूं लागले तर तें मीठच होय. अशीं पक्कीं खापरें, रंग पक्का आहे याची एका कोपऱ्यावर परीक्षा करून, स्वच्छ पाण्यांत अनेक वेळां पाणी बदलून भिजवावीं व सावलींत वाळवावीं. जोडणीस असा डिंक वापरावा कीं जो पुढें विरघळवून काढतां येईल. बाजारांतील झटपट चिकटणारे द्रव कटाक्षानें वर्ज्य. त्यांनीं चुकीचा जोड कायमचा होतो.

तांब्याच्या वस्तूंविषयीं संग्राहकांस हात जोडून विनंती आहे कीं शिवराई चिंचेनें घासूं नये. नाणें लखलखीत होतें खरें, पण शंभर-दोनशें वर्षांचा हिरवा-तपकिरी थर हा त्याचा मळ नव्हे, कवच आहे. अक्षरांचे उंचवटे पुष्कळदां त्या थरांतच शिल्लक असतात. फिकट हिरवी, भुकटीसारखी ठिपके-ठिपक्यांची बुरशी दिसली तर मात्र तो रोग समजावा. ती वस्तु तत्काळ अलग करून अगदीं कोरड्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी व जाणत्यास दाखवावी. ताम्रपट असेल तर पत्रे, कडी व मुद्रा कधींहि वेगळीं करूं नयेत. कडी कापल्याची किंवा न कापल्याची खूण हाच पुष्कळदां त्या पटाच्या अस्सलपणाचा पुरावा असतो. लोखंड, म्हणजे तलवारी, भाले, नांगराचे फाळ, हें सर्वांत लवकर जातें. त्यास तेल चोपडून ठेवण्यापेक्षां कोरडें ठेवणें श्रेयस्कर, कारण तेलावर धूळ बसते व धूळ ओल धरते.

कागदाकडे येऊं. आपले जुने मोडी कागद बहुधा जुन्नरी वा दौलताबादी हातकागदावर, काजळाच्या शाईनें लिहिलेले. काजळ उजेडानें उडत नाहीं, पण पाण्यानें वाहून जातें. यास्तव भिजलेला किंवा मळलेला कागद घरीं धुण्याचें साहस करूं नये. वेखंड, कडुनिंबाचा पाला यांनीं किडीस थोडा अटकाव होतो. त्यांचा पाला कागदांत न घालतां पुरचुंडी करून कपाटांत ठेवावा. डांबराच्या गोळ्या माणसांस अपायकारक आहेत. जुने बांधणीवाले खळींत मोरचूद घालीत, कीड लागूं नये म्हणून. त्यांतील तांब्यानें कागदच तपकिरी होऊन तुकडे पडतात. दुरुस्ती गव्हाच्या सत्त्वाची साधी खळ व पातळ जपानी कागद यांनींच करावी. चिकटपट्टी म्हणून जी मिळते तिच्याइतका शत्रु दुसरा नाहीं. दर्शनांत ठेवलेल्या कागदावर पन्नास लक्सपेक्षां अधिक प्रकाश पडूं नये, व दर तीन महिन्यांनीं पान बदलावें.

रुमालाचा मूळ क्रम मोडूं नये हें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. हौशी संग्राहक रुमाल सोडतात, शिक्क्याचीं पत्रें वेगळीं काढतात, हिशेबाचीं वेगळीं, आणि उरलेलें ‘फुटकळ’ म्हणून फेकतात. पण तिथि नसलेल्या पत्राचा काल पुष्कळदां त्याच्या शेजारच्या पावतीवरून लागतो. एकदां वेगळीं झालीं कीं तीं दोन्ही मुकीं झालीं. प्रथम आहे त्या क्रमानें पृष्ठांक पेन्सिलीनें घालावे, मग त्याच क्रमानें प्रकाशचित्रें घ्यावीं, आणि मगच वाचनास बसावें. त्या प्रकाशचित्रांच्या संगणकीय प्रतींपैकीं एक संग्रहालयांत, एक मालकाच्या घरीं व एक पुण्यांतील एखाद्या संशोधनसंस्थेंत राहावी. मालकास मूळ कागद द्यावयाचे नसतील तर आग्रह करूं नये. प्रत मिळाली म्हणजे निम्मा कार्यभाग झाला.

नोंदवही हा संग्रहालयाचा पाया. इमारत नसली तरी चालेल, वही पाहिजे. प्रत्येक वस्तूस एक दाखल-क्रमांक, आल्याचें साल, कोणी दिली, कशी मिळाली, माप, वजन, स्थिति, आणि सर्वांत मुख्य, शोधस्थळ : गांव, शेताचा गट क्रमांक, किती खोल, कोणत्या वस्तूंबरोबर. शोधस्थळ नसलेला जोर्वे तोटीचा लोटा सुंदर दिसेल, पण तो कोणत्या नदीचा, कोणत्या घराचा, हें सांगणार नाहीं. क्रमांक वस्तूवर थेट लिहूं नये. आधीं विरघळणाऱ्या राळेचा पातळ लेप, त्यावर शाई, त्यावर पुन्हा लेप, म्हणजे हवा तेव्हां काढतां येतो.

कायद्याचें भान हवें. १८७८ च्या भूमिगत निधीच्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा पुरलेला जुना ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे. १९७२ चा पुरावस्तु व कलानिधि कायदा १९७६ पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें शंभर वर्षांची वस्तु व पंचाहत्तर वर्षांचें महत्त्वाचें हस्तलिखित पुरावस्तूंत गणलें जातें, मूर्ति, चित्रें व सचित्र पोथ्या यांची नोंदणी करावी लागते, परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करतां येत नाहीं, व खासगी इसमास त्या परदेशीं पाठवितां येत नाहींत. पुष्कळ सज्जन या कायद्यांच्या भीतीनें वस्तु लपवितात किंवा वितळवितात. वस्तुतः नोंदणीनें मालकी जात नाहीं. हें समजावून सांगणारा एक मनुष्य तालुक्यांत असला तर त्याची किंमत दहा कपाटांहून अधिक. स्वतः खणणें मात्र कोणत्याहि सबबीवर करूं नये; संग्रहालयाच्या नांवाखालीं तर नाहींच.

येथवर काय ठेवावें तें झालें. काय ठेवूं नये याविषयीं मतभेद होतील, तथापि आम्ही आमचें सांगतों. वीरगळ व सतीशिळा वेशीवरून उचलून आणूं नयेत. गांव त्यांना शेंदूर लावतो, कांहीं ठिकाणीं तैलरंगहि फांसतो, नव्या देवळाच्या सिमेंटांत अर्धे गाडतो. हें पाहून उचलून नेण्याची बुद्धि होते खरी. पण त्या दगडाचा अर्थ तो ज्या वाटेवर उभा आहे त्या वाटेशीं आहे, आणि पूजा चालू आहे तोंवर तो गांवचा आहे. त्याचें प्रकाशचित्र, माप व कागदी ठसा संग्रहालयांत असावा, आणि सिमेंट घालणाऱ्या मंडळास वेळेवर दोन शब्द सांगावे. देवांचे टाकहि तसेच. ज्या घरीं देव्हारा चालू आहे तेथील टाक कितीहि जुना असला तरी मागूं नये. घर स्वतः होऊन, कुळधर्म दुसरीकडे नेल्यावर, देईल तर घ्यावा.

अस्थींचा प्रश्न याहून नाजूक. इनामगांवीं घरांच्या जमिनींखालीं लहान मुलांचीं दफनें विपुल मिळालीं : दोन कुंभ तोंडास तोंड लावून आडवे ठेवलेले, आंत बालक. आईबापांनीं तें मूल घराबाहेर न नेतां चुलीपासून कांहीं हातांवर ठेवलें. कुंभांच्या प्रतिकृति मांडाव्या, त्यांची रचना समजावून द्यावी. पण खऱ्या वा खोट्या हाडांचें प्रदर्शन आमच्या मतें करूं नये. अस्थींचा अभ्यास मानवशास्त्रज्ञांनीं केला व तो प्रसिद्धहि झाला आहे. पाहणारास त्यापलीकडे हाडांतून कांहीं मिळत नाहीं. चार पायांचा रांजण मात्र पूर्ण आकारांत, स्थानिक कुंभाराकडूनच घडवून घ्यावा. तो कच्च्या मातीनें, मूळच्याच पद्धतीनें, घडवितांना कुंभारास ज्या अडचणी येतील त्या लिहून ठेवाव्या. मूळ कारागिरांनीं एवढें पोट न फुटतां कसें वाळविलें हें कळण्याचा तोच एक मार्ग आहे.

हें सर्व चालविणार कोण? तालुक्याची एक समिति, तींत शाळामास्तर, एखादा निवृत्त मुलकी कामगार, मोडी वाचणारा एक, आणि दोन तरी शेतकरी असावे; कारण वस्तु प्रथम फाळास लागते. पगारी माणूस एक, पण तो शिकलेला. इमारतीची वाट पाहत बसूं नये. पहिल्या वर्षीं एक वही, एक बरा कॅमेरा, एक कोरडें कपाट व गांवोगांवच्या फेऱ्या एवढ्यानें आरंभ होतो. त्या फेऱ्यांत कोणाच्या घरीं काय आहे याची यादीच तयार झाली तरी पुढचें काम सोपें जाईल.

आणि ती पहिली फेरी पांढरींच्याच गांवांची करावी. पांढरीची माती धाब्याच्या घरांच्या माथ्यावर घालण्यास व शेतांत खत म्हणून टाकण्यास पूर्वीपासून नेतात. बैलगाडीनें नेत तोंवर टेकाड सावकाश झिजे. आतां यंत्र दोन दिवसांत तें सपाट करतें. माती उचलण्याचा हंगाम पावसाळ्यापूर्वीचा, वैशाख-ज्येष्ठाचा. तेव्हां फेरी चैत्रांतच निघाली पाहिजे, व प्रत्येक गांवीं कोणत्या गटांतून माती उचलावयाची ठरली आहे तें आधीं विचारून घेतलें पाहिजे.